राज्य गेले, कोठी राहिली

अधिकारावरून उतरलेल्या पुरुषाने पुढे कोणत्या घरी दिवस काढले, हा तपशील इतिहासग्रंथांत बहुधा अखेरच्या प्रकरणात आणि तोही एखाद्या ओळीत उरकलेला आढळतो. परंतु ज्याच्या सहीशिक्क्याने लाखो लोकांचे संसार उभे राहिले किंवा मोडले, तो पुरुष सहीशिक्का हातचा गेल्यावर कोणत्या छपराखाली बसत होता आणि कोणत्या दाराने बाहेर पडत होता, याची जिज्ञासा सामान्य वाचकाला तहनाम्यांतील कलमांपेक्षा नेहमीच अधिक असते. गंगाखेडच्या माणसाला ही जिज्ञासा ज्या घराविषयी वाटावी, ते घर गंगाखेडात नाही, परभणीत नाही आणि आजच्या महाराष्ट्रातही नाही. ते हैदराबादेत, मुसी नदीच्या उत्तरेस, अबिदच्या बाजारपेठेपासून जवळच आहे, आणि त्याचे नाव किंग कोठी. संत जनाबाईंचे हे गोदाकाठचे गाव १९५६च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीपर्यंत ज्या हैदराबाद राज्यात मोडत होते, त्या राज्याचे अखेरचे अधिपती, सातवे निजाम मीर उस्मान अली खान, या घरात कोवळ्या वयात राहावयास आले, येथूनच त्यांनी सदतीस वर्षे राज्य केले, राज्य गेल्यावरही येथेच राहिले आणि २४ फेब्रुवारी १९६७ रोजी येथेच मरण पावले.

पदच्युतांच्या घरांचे सामान्यतः दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे जेत्याने नेमून दिलेले घर. दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांनी पुण्यापासून शेकडो कोस दूर ब्रह्मावर्ताला नेऊन बसविले; तेथे आठ लाखांच्या सालीना तनख्यावर त्याने बत्तीस वर्षे काढली आणि १८५७च्या धामधुमीत त्याचा वाडाही जमीनदोस्त झाला. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला रत्नागिरीस आणून ठेवले, आणि आज आपण हौसेने पाहावयास जातो तो जांभ्या दगडाचा राजवाडा त्याला मिळाला तो १९१० साली, म्हणजे पंचवीस वर्षांच्या बंदिवासानंतर; तो उपभोगण्यास त्याच्या आयुष्यातील सहाच वर्षे उरली होती. दुसरा प्रकार म्हणजे स्वेच्छेने घेतलेले घर. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १९२१च्या मार्चमध्ये पद सोडले त्याच दिवशी ते वॉशिंग्टन शहरातील एस स्ट्रीटवरच्या एका घरात राहावयास गेले. वॅडी वुड नावाच्या वास्तुविशारदाने १९१५ साली बांधलेले हे विटांचे टापटिपीचे घर दीड लाख डॉलर्सना विकत घेतले होते आणि त्यांतील मोठा वाटा विल्सनच्या दहा मित्रांनी उचलला होता. पक्षाघाताने अर्धे अंग लुळे पडलेल्या त्या गृहस्थाला जिना चढवत नसल्याने घरात लिफ्ट बसवावी लागली. तीन वर्षांनी तो तेथेच वारला, आणि पत्नीने १९६१पर्यंत ते घर सांभाळून राष्ट्राच्या वारसासंस्थेच्या स्वाधीन केले.

किंग कोठी या दोन्ही प्रकारांत बसत नाही. येथे राज्य सुटले तरी घर सुटले नाही. भिंती त्याच, दरवाजे तेच, सकाळी उठून बसावयाची जागा तीच. बदलला तो त्या घराचा भोवतालच्या मुलखाशी असलेला संबंध. म्हणून या वास्तूचा इतिहास सांगताना निवृत्तीचा काळ वेगळा काढून दाखविणे अवघड जाते, आणि माझ्या मते तिचे वैशिष्ट्यही नेमके तेच आहे.

कोठी मुळात राजाची नव्हतीच. नवाब कमाल खान नावाच्या एका अमीराने ती स्वतःसाठी बांधली आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आपल्या नावाची आद्याक्षरे, इंग्रजीतील दोन ‘के’, दरवाजांवर, खिडक्यांवर, जेथे म्हणून जागा सापडली तेथे कोरविली. पुढे ती निजामांच्या ताब्यात आली. युवराज उस्मान अली वयाच्या तेराव्या वर्षी येथे राहावयास आले असे सांगतात. दुसऱ्याच्या नावाची अक्षरे राजपुत्राच्या दारावर कशी असावीत, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा ती खरवडून काढण्याऐवजी फर्मान निघाले की यापुढे वास्तूचे नाव किंग कोठी असावे, म्हणजे अक्षरे जागच्या जागी राहून त्यांचा धनी तेवढा बदलेल. या राजाच्या काटकसरीच्या ज्या शेकडो आख्यायिका पुढे देशोदेशी पसरल्या, त्यांत ही बहुधा कालक्रमाने पहिली आणि निदान माझ्या मते सर्वांत शहाणपणाची.

त्यांचे वडील, सहावे निजाम महबूब अली खान, यांची राहणी याच्या नेमकी उलट होती. जुन्या हवेलीत त्यांच्या कपड्यांसाठी एकशे शहात्तर फूट लांबीचा दुमजली लाकडी कपाटखाना आजही उभा आहे. एकदा अंगाला लागलेला पोशाख ते पुन्हा घालीत नसत, अशी वदंता आहे. शहराच्या दक्षिणेस टेकडीवर पायगा या सरदार घराण्यातील विकार-उल-उमरा यांनी बांधलेला फलकनुमा महाल त्यांना इतका आवडला की तो त्यांचा झाला, आणि १९११च्या ऑगस्टमध्ये त्यांचा अंत झाला तोही तेथेच. गादीवर आलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलापुढे निवडीसाठी चौमहल्ला होता, फलकनुमा होता, पुरानी हवेली होती. चौमहल्ल्यातील खिलवतीच्या दरबारी मसनदीवर तो समारंभापुरता बसला आणि मुक्कामाला मात्र कोठीतच परत आला. पुढे याच राजाच्या कारकिर्दीत मुसीच्या काठावर उच्च न्यायालय आणि उस्मानिया रुग्णालय उभे राहिले, विद्यापीठाची ती भव्य गुलाबी इमारत उभी राहिली, दिल्लीत लुटेन्स या इंग्रज वास्तुविशारदाकडून हैदराबाद हाउस बांधवून घेतले गेले. परंतु सबंध शहराला नवे रूप देणाऱ्या या माणसाने स्वतःला राहण्यासाठी नवा राजवाडा मात्र बांधविला नाही.

आता वास्तूच्या रचनेकडे वळू. आमच्याकडील वाडा ज्याने पाहिला आहे त्याला कोठीचे वेगळेपण चटकन उमगेल. गंगाखेड-परभणीकडील जुन्या वाड्यात दिंडी दरवाजातून आत पाऊल टाकले की ढाळज लागते; ढाळजेत देवडीवाला, आलागेला आणि गावगप्पा असतात; तिच्यापलीकडे चौक, चौकाभोवती ओसऱ्या, ओसरीच्या आत माजघर, आणि या सर्वांवर सागवानी तुळयांनी पेललेले मातीचे सपाट माळवद. बाहेरच्या अंगाला दगडी किंवा पांढऱ्या मातीची आंधळी भिंत. घराला जे काही पाहावयाचे ते आतल्या चौकाकडे पाहून. हैदराबादच्या जुन्या शहरातील अमीर-उमरावांच्या देवड्याही प्रमाणाने कितीतरी मोठ्या असल्या तरी जातीने याच, अंतर्मुख. याउलट एकोणिसाव्या शतकात मुसीच्या उत्तरेस इंग्रज रेसिडेंटाच्या हवेलीच्या आसपास जी नवी वस्ती वाढली, आणि १९०८च्या महापुरानंतर तर अधिकच वेगाने वाढली, तिच्यात घराची नजर बाहेर वळली. बागेच्या मधोमध इमारत, चारी बाजूंना व्हरांडे आणि खिडक्या, समोर गाडी येऊन थांबण्याची जागा. ही कोठीची घडण. किंग कोठी याच घडणीची.

तिच्या इमारती युरोपीय धाटणीच्या आहेत. अर्धवर्तुळाकार अभिजात कमानी, खिडक्यांवर पुढे झुकलेली छपरे, त्यांना लावलेले नाजूक लाकडी नक्षीकाम, आणि वर अष्टकोनी पायावरून शेंड्याकडे निमुळती होत गेलेली उतरती कौलारू छपरे. वर्षातून सात-आठ महिने ऊन भाजून काढणाऱ्या दख्खनच्या पठारावर माळवदासारखे सपाट छप्पर स्वस्त आणि थंड. अशा उंच निमुळत्या कौलांची येथे गरज अशी नव्हती. ती होती रुचीची बाब. ज्या काळी कलकत्ता आणि मुंबई येथील धनिकांचे बंगले पाहून दख्खनी उमराव आपल्या घरांचे नकाशे काढवून घेत होते, त्या काळाची ती खूण. वास्तुशास्त्राच्या कसोटीवर ही काही अद्वितीय रचना नव्हे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. चौमहल्ल्यातील चुनेगच्चीचे काम आणि फलकनुमाचा इटालियन संगमरवर यांच्यापुढे कोठी थिटी वाटते. एखाद्या सधन वकिलाला किंवा निवृत्त दिवाणाला शोभेल असे ते मोठे शहरी घर; फक्त त्यात राहणारा माणूस ब्याऐंशी हजार चौरस मैलांच्या राज्याचा मालक होता.

आवाराचे दोन भाग होते. पूर्वेकडील भागात राजकीय भेटीगाठी आणि समारंभ चालत. पश्चिमेकडील भागात नजरी बाग, म्हणजे मुबारक मॅन्शन, हा खासगी वास. उस्मान मॅन्शन नावाची तिसरी इमारत होती. मोठे ग्रंथालय होते आणि निजाम ते वापरीत. उर्दू-फारसी काव्याचा त्यांना नाद होता आणि ते स्वतःही रचना करीत.

नजरी बागेच्या प्रवेशद्वाराजवळ मात्र क्षणभर थांबले पाहिजे, कारण या वास्तूतील सर्वांत बोलका भाग तोच. त्या दरवाजावर सदैव एक पडदा सोडलेला असे, म्हणून लोक त्याला पर्दा गेट म्हणत. मैसरम पलटणीचे शिपाई, पोलीस आणि सर्फेखासच्या, म्हणजे निजामांच्या खासगी, फौजेतील भालाईत तेथे पहाऱ्यावर. पडदा खाली असला तर आलाहजरत, म्हणजे निजाम, घरी आहेत. वर गुंडाळलेला दिसला तर स्वारी बाहेर पडली आहे. रस्त्याने जाणाऱ्या भाजीवाल्यालाही राजा घरी आहे की नाही हे कळावे, अशी ही मोठी सोपी जाहीर नोटीस होती. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. घर बाहेर पाहणाऱ्या परदेशी नमुन्याचे घेतले, पण त्यातील संसार आत पाहणाऱ्या देवडीचाच राहिला. जनाना होता, मोठे कुटुंब होते, दरबारी अदब होती. वाड्याची ढाळज आणि आंधळी भिंत जे काम दगडामातीने करते ते या कोठीत कापडाला करावे लागले, आणि जे कापडाने भागेना त्यासाठी भोवताली उंच कोट घालावा लागला.

या पडद्याआडून गंगाखेडचा कारभार कसा चालत होता, हे समजून घेतल्याशिवाय पुढची निवृत्ती कळणार नाही. १९१४ साली निजामांनी तिसऱ्या सालारजंगाला दिवाणगिरीवरून दूर केले आणि पुढील पाच वर्षे दिवाण न नेमता राज्य स्वतः हाकले; १९१९मध्ये कार्यकारी मंडळ नेमले तरी अखेरचा शब्द कोठीचाच राहिला. खात्याने अर्जदाश्त, म्हणजे मंजुरीसाठीचे निवेदन, तयार करावी, ती पेशीच्या दप्तरातून आत जावी, आणि तिच्यावर फर्मान होऊन ती बाहेर यावी, असा क्रम. परभणीचा अव्वल तालुकदार, औरंगाबादेचा सुभेदार, गावचा पटवारी आणि पोलीस पाटील ही उतरंड ज्या बिंदूपाशी संपत होती, तो बिंदू म्हणजे नजरी बागेतील एक मेज. राज्याची भूमीच मुळी तीन प्रकारांत वाटलेली होती: दिवाणी म्हणजे सरकारी मुलूख; पायग्या, जहागिरी आणि संस्थाने; आणि सर्फेखास, म्हणजे खुद्द निजामांच्या खासगी खर्चाकडे लावून दिलेली गावे. गावच्या बाजारात चालणारा हाली सिक्का होता, इंग्रजी कलदार रुपया नव्हे. त्यावर चारमिनार कोरलेला आणि चारमिनाराच्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर, उस्मान या नावाचे पहिले. जनाबाईच्या समाधीपुढे ठेवलेल्या पैशावरही ते अक्षर असे. मराठी मुलखात न्यायालयाची भाषा उर्दू, वरच्या वर्गातील शिक्षणाची भाषा उर्दू. जाहीर सभा घ्यावयाची तर गश्ती निशाण त्रेपन्न या सरकारी परिपत्रकाचा अडसर. दुसऱ्या बाजूस हेही नोंदले पाहिजे की अजिंठ्याच्या चित्रांची निगा याच कारकिर्दीत, गुलाम यजदानी यांच्या देखरेखीखाली आणि इटालियन तज्ज्ञ आणवून राखली गेली, आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी येथूनच अनुदान मिळाले. तेथील निजाम गेस्ट हाउस त्याची साक्ष आहे. एकाच मेजावरून दोन्ही प्रकारचे कागद सुटत होते.

१९३७च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर निजामांचे चित्र छापून त्यांना जगातील सर्वांत धनाढ्य मनुष्य ठरविले, आणि तेव्हापासून कोठीविषयीच्या दंतकथांना ऊत आला. अंगणात उभ्या केलेल्या मालमोटारी सोन्याच्या विटांच्या भाराने चाकांपर्यंत जमिनीत रुतल्या होत्या, नोटांच्या थप्प्या उंदरांनी कुरतडल्या, राजा पाहुण्यांनी टाकलेल्या सिगारेटची थोटके ओढीत असे, अशा कहाण्या पुस्तकांतून छापल्या गेल्या. त्यांतील किती खऱ्या आणि किती पत्रकारांच्या लेखणीतून उतरलेल्या, याचा निवाडा करीत बसण्यात अर्थ नाही. जेकब हिऱ्याची कथा मात्र बहुतेक इतिहासकार स्वीकारतात. महबूब अली खानांनी घेतलेला, एकशे चौऱ्याऐंशी कॅरटांहून अधिक वजनाचा हा हिरा त्यांच्या मृत्यूनंतर मुलाला वडिलांच्या जोड्याच्या टोकात सापडला, आणि मुलाने तो कागद उडू नयेत म्हणून मेजावर ठेवला. अर्जदाश्तींच्या ढिगावर हिऱ्याचे वजन! राज्यकारभाराच्या रूक्षतेचे याहून चांगले चित्र काढावयाचे म्हटले तरी सुचणार नाही.

मग १९४७ उजाडले. भारतात सामील व्हावयाचे नाही, हा निर्धार कोठीत झाला. नोव्हेंबरअखेर भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार झाला तोही रझाकार या सशस्त्र संघटनेच्या दडपणाखाली डळमळत. ४ डिसेंबर १९४७ रोजी निजामांची मोटार नेहमीप्रमाणे कोठीतून बाहेर पडली असता जवळच रस्त्यात नारायणराव पवार या आर्यसमाजी तरुणाने तिच्यावर बाँब फेकला. निजाम बचावले, पवारांना फाशीची शिक्षा झाली, परंतु ती अमलात आली नाही आणि पुढे ते सुटले. मराठवाड्यात या वर्षात काय घडले, गावोगाव रझाकारांचा कहर कसा होता, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचे सत्याग्रही आणि सरहद्दीवरील तळांवरचे तरुण कसे झुंजले, हे येथे नव्याने सांगण्याचे कारण नाही. आमच्या भागातील घराघरांत ते सांगितले जाते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आत आले. १७ तारखेस पंतप्रधान लायक अलींच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि त्याच दिवशी निजामांनी नभोवाणीवरून शरणागती जाहीर केली.

येथून कोठीच्या इतिहासातील तो चमत्कारिक काळ सुरू होतो, ज्यात राजा राजा राहिला नाही आणि गेलाही नाही. त्यांना कोणी हद्दपार केले नाही, घर खाली करावयास सांगितले नाही, पडदा काढावयास लावला नाही. फेब्रुवारी १९४९मध्ये सर्फेखासचा मुलूख सरकारात विलीन झाला. त्याच महिन्यात सरदार पटेल बेगमपेटच्या विमानतळावर उतरले तेव्हा निजाम हात जोडून उभे राहिले, ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. पन्नास लाखांचा तनखा, सर्फेखासच्या बदल्यात पंचवीस लाख, आणि वाडेहुडे राखण्यासाठी आणखी पंचवीस, अशी सालीना एक कोटीची तजवीज झाली. २६ जानेवारी १९५०पासून ते राजप्रमुख झाले, म्हणजे नव्या घटनेनुसार राज्याचे नामधारी प्रमुख. सही त्यांची, पण निर्णय दुसऱ्याचा.

आणि या सहीचा आमच्या जमिनींशी अजूनही संबंध आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. जहागिरी खालसा करणारा कायदा १९४९च्या ऑगस्टमध्ये झाला तो फसली सन १३५८च्या नावाने. त्यापाठोपाठ १९५०चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. मराठवाड्यातील कूळ आजही याच कायद्याखाली ओळखले जाते, तहसील कचेरीत ‘अडतीस-ई’चे प्रमाणपत्र मागितले जाते ते याच कायद्याच्या कलमाने, आणि इनाम जमिनीचा वाद निघाला की निजामकालीन मुंतखब, म्हणजे इनामाचा दाखला, शोधला जातो. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचे लोक हैदराबादेस गेले, तेही त्याच राजवटीच्या दप्तरांमागे. ज्या राज्यात सरंजामदारीची मुळे सर्वांत खोल होती, त्याच राज्यात कुळांना जमिनीचा हक्क देणारा कायदा झाला, आणि तो झाला त्या वेळी राज्याच्या शिखरावर नाव होते ते त्या सरंजामदारीच्या मुकुटमण्याचेच. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य त्रिभागले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसुरात, तेलंगण आंध्रात. राजप्रमुखपद संपले. आता उरली ती निव्वळ कोठी, आणि तीत सत्तर वर्षांचा एक गृहस्थ. पुढील दहा वर्षांची कामे म्हणजे मालमत्तेची वाटणी, विश्वस्तनिधींचे कागद, आणि फार मोठ्या गोतावळ्याची पोटापाण्याची व्यवस्था. जवाहिरांचा न्यास १९५१मध्येच केला होता. धर्मादाय आणि कुटुंबासाठी असे आणखी कित्येक न्यास झाले. १९४८च्या सप्टेंबरात, ऐन धामधुमीत, लंडनच्या बँकेतून दहा लाख पौंडांची रक्कम पाकिस्तानी उच्चायुक्ताच्या खात्यावर गेली होती. आपल्या संमतीवाचून ती वळविली असे म्हणून निजामांनी ती परत मागितली. त्या रकमेच्या वादाचा अखेरचा निकाल लागला तो २०१९च्या ऑक्टोबरमध्ये, भारत सरकार आणि वारस यांच्या बाजूने. तोवर निजाम वारून बावन्न वर्षे लोटली होती. १९६५च्या युद्धाच्या वेळी निजामांनी पाच टन सोने देशाला दान दिले, ही कथा आज घरोघर फिरते. वस्तुस्थिती अशी की त्यांनी राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण योजनेत चारशे पंचवीस किलो सोने गुंतविले आणि त्यावर साडेसहा टक्के व्याज होते. एका निवृत्त, हिशेबी गृहस्थाने केलेली ती सचोटीची गुंतवणूक होती. तिला दानाचा मुलामा देण्याची काही आवश्यकता नाही.

आयुष्याच्या या शेवटच्या पर्वाविषयी जे लिहिले गेले आहे त्यात राहणीच्या साधेपणाचा उल्लेख वारंवार येतो: चुरगळलेली शेरवानी, जुनी झालेली तुर्की टोपी, हातात काठी. एवढ्या मोठ्या आवारात त्यांचा प्रत्यक्ष वावर फार थोड्या जागेत उरला होता. निजाम घराण्यातील पूर्वीचे बहुतेक पुरुष मक्का मशिदीच्या आवारात चिरविश्रांती घेत आहेत. यांनी मात्र त्या रांगेत जाण्याचे नाकारले. कोठीच्या समोरच, रस्त्यापलीकडे, बालपणीच वारलेल्या मुलाच्या स्मरणार्थ १९३६मध्ये त्यांनी मस्जिद-ए-जूदी बांधविली होती आणि आईचे दफनही तेथेच झाले होते. आपल्यालाही तेथेच ठेवावे, अशी इच्छा त्यांनी सांगून ठेवली होती. २५ फेब्रुवारी १९६७ रोजी आंध्र प्रदेश सरकारने दुखवटा पाळला, शहरातील रस्ते माणसांनी फुलून गेले, आणि प्रेत घरासमोरच पुरले गेले.

त्यानंतर या घराचे काय झाले, याची हकीकत थोडक्यातच आटोपते. नातू मुकर्रम जाह वारस झाले. त्यांचे आयुष्य ऑस्ट्रेलियात आणि तुर्कस्तानात गेले, आणि २०२३च्या जानेवारीत इस्तंबूलला ते निवर्तले. जवाहिरांपैकी एकशे त्र्याहत्तर नग केंद्र सरकारने १९९५ साली दोनशे अठरा कोटी रुपयांना घेतले. कागदांवरचे वजन असलेला तो हिरा त्यांतच रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत आहे. पूर्वेकडील भाग सरकारी रुग्णालयाकडे गेला. उस्मान मॅन्शन १९८०च्या दशकाच्या आरंभी पाडून त्याच्या जागी रुग्णालयाची नवी इमारत उठविण्यात आली, म्हणजे तीनपैकी दोनच जुन्या वास्तू शिल्लक राहिल्या. नजरी बाग निजामांच्या खासगी मिळकतीच्या कचेऱ्यांकडे राहिली.

विल्सनच्या घरात आज तिकीट काढून अभ्यासिका पाहता येते, थिबाच्या राजवाड्यात संग्रहालय आहे. किंग कोठीच्या पूर्वेकडील आवारात आज ताप आणि खोकल्याच्या रुग्णांची रांग असते, आणि जेथे पूर्वी अशर्फीची नजर दिल्याशिवाय भेट होत नसे तेथे केसपेपर काढावा लागतो. वारसाप्रेमींना हे खटकते. मला फारसे खटकत नाही; राजवाड्याचे रुग्णालय होणे हा वास्तूच्या नशिबातील वाईट उपयोग नव्हे. खटकते ते उस्मान मॅन्शनचे पाडणे आणि उरलेल्या लाकडी नक्षीची, कौलांची, कमानींची चाललेली हेळसांड. गंगाखेडहून परळी, उदगीर, बीदर, विकाराबाद या मार्गाने हैदराबादला जाणारा आमच्याकडील प्रवासी चारमिनार पाहतो, सालारजंग संग्रहालयातील घड्याळ पाहतो, गोवळकोंडा चढतो. नामपल्लीच्या स्थानकावरून किंग कोठीला जावयास रिक्षाने फार वेळ लागत नाही. नजरी बागेच्या कोटाला लागून रस्त्याने चालत गेले की दारांवर कमाल खानांची ती दोन अक्षरे अजून कोठे उरली आहेत का, ते डोके वर करून शोधावे. आणि रस्ता ओलांडून जूदी मशिदीत गेले तर ज्याच्या नावाचा ‘ऐन’ आजोबांच्या बटव्यातील नाण्यांवर होता, त्याची कबर पाहून यावी.